फॅशन शोसाठी बर्फाचं शिल्प: लादीपासून रॅम्पपर्यंत

फॅशन शोसाठी बर्फाचं शिल्प करायचं काम पहिल्यांदा हातात आलं की माणूस छिन्न्या आणि करवती बघायला लागतो. माझं सांगणं असं की आधी घड्याळ बघा. मेजवानीतलं शिल्प चार-पाच तास हळूहळू वितळत उभं राहिलं तरी बिघडत नाही, लोक येता-जाता बघतात. रॅम्पवरचा शो जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा असतो. तेवढा वेळ शिल्प काचेसारखं स्वच्छ दिसायला हवं, कडा शाबूत असायला हव्यात आणि पाण्याचा थेंबही मॉडेलच्या पायाखाली जाता कामा नये. पाणी गोठवण्यापासून टेम्पो भरण्यापर्यंतचं सगळं काम त्या वीस मिनिटांपासून मागे मोजत आखायचं. हे ज्याला जमलं त्याचं कोरीवकाम थोडं साधं असलं तरी शो छान होतो. ज्याला जमलं नाही त्याचा सुंदर मोरसुद्धा पहिली मॉडेल येईपर्यंत बदकासारखा दिसायला लागतो.

आधी कपडे बघा, मग जागा

चित्र काढायला बसण्याआधी डिझायनरला भेटा आणि कपडे प्रत्यक्ष बघा, हात लावून बघा. फोटोवर भागवू नका. घेरदार, जमिनीवर लोळणारे गाऊन असतील तर शिल्प वाटेपासून लांब हवं. सॅटिन आणि रेशमावर पाण्याच्या थेंबाचा डाग उठतो आणि तो शोच्या गडबडीत जात नाही. कपडे गडद रंगाचे असतील तर मागचा उजळलेला बर्फ त्यांची बाह्यरेषा छान उचलून धरतो. पांढऱ्या किंवा चंदेरी कपड्यांमागे पांढरा प्रकाश टाकलेला बर्फ मात्र कपडाच गिळून टाकतो. तिथे प्रकाशाला थोडी निळसर किंवा अंबर (पिवळसर-केशरी) छटा द्या, नाहीतर शिल्प बाजूला सरकवा.

नवख्या माणसाला मी एकच जागा सुचवते: रॅम्पच्या मागच्या टोकाला, मॉडेल जिथून बाहेर येते त्या दाराच्या दोन्ही बाजू. तिथे शिल्प फोटोत पूर्ण येतं, मॉडेल त्याच्यापासून दूर जात राहते आणि पाणी मागच्या बाजूला नेता येतं. रॅम्पच्या मधोमध किंवा कडेला बर्फ ठेवायचा आग्रह झाला तर ठामपणे नाही म्हणा. उंच टाचा आणि ओली फळी एकत्र आली की काय होतं हे सांगायला नको.

बर्फ आणि पाण्याशी मैत्री करूनही शो करता येतो. मार्च २०१० मध्ये पॅरिसच्या ग्राँ पाले या प्रदर्शनाच्या भव्य इमारतीत शानेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या शोसाठी तिचे डिझायनर कार्ल लागरफेल्डनी स्वीडनहून आणलेल्या बर्फाचा अख्खा हिमनग उभा केला होता आणि मॉडेल वितळलेल्या पाण्यातून चालत गेल्या. पण तिथे पाणी पहिल्या दिवसापासून कल्पनेत होतं, पायांत त्याला साजेसे नकली फरचे बूट होते. पाणी दाखवायचं तर त्याच्यासाठी सगळा शो बेतावा लागतो. दाखवायचं नसेल तर ते पूर्ण लपवावं लागतं. अर्धवट काही चालत नाही.

वजन आणि पाण्याचा हिशेब

एक घनमीटर बर्फ साधारण ९१७ किलो भरतो. १०० सेंटीमीटर उंच, ५० रुंद आणि २५ जाड अशी लादी घेतली तर ती ११५ किलोची होते. दोन लाद्या एकमेकींवर जोडून दोन मीटरचं शिल्प केलं की कोरल्यावरही दीडशे किलो सहज उरतात आणि ते सगळं एका छोट्या चौरसावर उभं राहतं. रॅम्प म्हणजे बहुतेक वेळा सांगाड्यावर टाकलेला प्लायवूड. मंच उभारणाऱ्याला वजनाचा आकडा लेखी द्या आणि त्या जागेखाली जादा टेकू मागा. शक्य असेल तर शिल्पाचा पाया थेट जमिनीवर घ्या.

आता पाणी. वातानुकूलित सभागृहात बर्फाचा पृष्ठभाग तासाला साधारण अर्धा सेंटीमीटर आत जातो, असं धरून मी चालते. वर सांगितलेल्या एका लादीचा उघडा पृष्ठभाग दीड चौरस मीटरच्या थोडा वर आहे. म्हणजे एकटी लादी तासाला सात-साडेसात लिटर पाणी सोडते. चार तासांत तीस लिटर झाले. वीस लिटरची बादली ठेवून निश्चिंत झालेल्या माणसाची फजिती इथेच होते. कोरल्यावर वजन कमी होतं, पण पृष्ठभाग वाढतो, त्यामुळे पाणी कमी होईल अशा भरवशावर राहू नका.

अर्ध्या सेंटीमीटरचा हाच हिशेब चित्रालाही लावायचा. दोन्ही बाजूंनी वितळणारी दोन सेंटीमीटर जाडीची पाकळी दोन तासांत संपते. तीन तास उभं राहायचं असेल तर कुठलाही भाग पाच सेंटीमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. टोकं आणि कडा सगळीकडून उष्णता घेतात, त्या आधी गोल होतात. म्हणून पहिल्या कामाला पंख, बोटं, फुलांचे देठ नकोत. उसळलेली लाट, दुमडलेलं कापड, कमान, स्फटिकासारखे सरळ कापलेले सुळके असे आकार घ्या. थोडे झिजले तरी ते देखणेच राहतात. कापडाची चुणी तर झिजून आणखी मऊ दिसते.

लादी स्वच्छ कशी मिळते

घरच्या फ्रीजमधला बर्फ मध्ये दुधट असतो, कारण तो सगळीकडून आत गोठत जातो आणि पाण्यातली हवा व क्षार मध्यभागी कोंडले जातात. स्वच्छ बर्फ हवा असेल तर पाणी एकाच दिशेने आणि हळू गोठायला हवं. शिल्पाच्या लाद्या करणाऱ्या यंत्रांत थंडावा तळातून दिला जातो आणि वरचं पाणी छोट्या पंपाने सतत हलतं ठेवलं जातं. हवेचे बुडबुडे चिकटून बसत नाहीत आणि शेवटी उरलेलं गढूळ पाणी काढून टाकता येतं. एक लादी व्हायला तीन-चार दिवस लागतात. स्वीडनच्या उत्तरेकडे युकासयार्वी गावातलं आईसहोटेल टोर्ने नदीच्या बर्फातून उभारतात. तो बर्फ इतका नितळ असतो याचंही कारण हेच, खालून वाहतं पाणी बुडबुडे टिकू देत नाही.

म्हणून लाद्यांची मागणी शोच्या निदान दोन आठवडे आधी नोंदवा आणि एक लादी जास्तीची मागा. साध्या कारखान्याच्या लादीत मध्ये पांढरा गाभा असतो. ती सरावाला उत्तम आणि धुकट, हिमासारखं रूप हवं असेल तर शोलाही चालते.

घरी सराव करायचा असेल तर जाड भिंतींचा प्लॅस्टिकचा आईसबॉक्स घ्या, पाण्याने भरा आणि झाकण न लावता डीप फ्रीझरमध्ये ठेवा. भिंती आणि तळ उष्णता अडवतात, त्यामुळे पाणी फक्त वरून गोठत खाली जातं. पाऊण भाग गोठला की बाहेर काढा, उलटा करा आणि खालचं पाणी ओतून द्या. हातात येतो तो काचेचा ठोकळा. अशा ठोकळ्यांवर महिनाभर हात बसवल्याशिवाय मोठ्या लादीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फॅशनच्या कामात बऱ्याचदा बर्फात लेस, धागा किंवा कापडाचा तुकडा गोठवून हवा असतो. कापड आधी धुऊन रंग जातो का बघा, नाहीतर सगळी लादी गुलाबी होते. मग पाणी थोडं थोडं, थरांनी गोठवत न्या. प्रत्येक थराचं पाणी जवळजवळ शून्य अंशापर्यंत गार केलेलं असू द्या. कोमट पाणी ओतलं तर खालचा थर तडकतो.

अवजारं

भारंभार अवजारं लागत नाहीत. मोठे तुकडे उडवायला विजेवरची चेनसॉ (साखळीची करवत), रेषा आणि बारीक कामाला डाय ग्राइंडर (वेगाने फिरणाऱ्या छोट्या टोकाचं हातात धरायचं यंत्र), एक रुंद सपाट छिन्नी, एक व्ही आकाराची छिन्नी, दातेरी हातकरवत आणि बर्फ फोडायचा टोचा. छिन्नीला धार हवीच हवी. बोथट छिन्नी बर्फ कापत नाही, फोडते. पेट्रोलची चेनसॉ बंद जागेत चालवू नका, धुराने माणूस पडतो. साखळीला मशीनचं काळं तेल घातलंत तर त्याचे डाग बर्फात उतरतात. खायचं तेल अगदी थोडं वापरा.

विजेच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी विजेचं अवजार धरायचं असतं. ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसलेल्या जोडणीवर काम सुरूच करायचं नाही, वायरी जमिनीवर न सोडता वर टांगायच्या. पायात न घसरणारे रबरी बूट, हातात रबराचा थर असलेले मोजे, डोळ्यांना गॉगल, कानांना संरक्षण. लादी एकट्याने उचलायची नाही. चिमटे, ट्रॉली आणि चार माणसं. घसरणारी लादी पकडायला कुणीही हात घालायचा नाही, पडू द्यायची. लादी पुन्हा मिळते.

कोरायला सुरुवात

लादी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमधून काढली की लगेच छिन्नी लावू नका. तापमान बदललं की बर्फ पोलादाच्या जवळपास चौपट प्रसरण पावतो. वरचा थर पटकन तापून फुगला आणि आतला गारच राहिला की लादी तडकते. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी घाईघाईत अशाच ताज्या लादीवरचं पांढरं हिम काढायला मगभर नळाचं पाणी ओतलं. 'टच्च' असा आवाज आला, दिवा फुटावा तसा. लादी उभीच होती, पण आत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चंदेरी पडदा पसरला होता. तीन दिवसांचं गोठवणं एका मगात गेलं. तेव्हापासून मी फक्त लादीकडे बघत थांबते. आधी ती पांढऱ्या हिमाने धुकटलेली असते. मग कडेने ओलसर होत जाते आणि एका क्षणी आरपार दिसायला लागतं, मागे धरलेल्या हाताच्या रेषासुद्धा. तिथून काम सुरू करायचं. मोठ्या लादीला तासाहून जास्त लागतो. तो वेळ द्यायचाच.

पूर्ण मापाचं चित्र कागदावर काढा आणि ओल्या लादीवर चिकटवा. लादी थंड असेल तर कागद आपोआप गोठून बसतो. डाय ग्राइंडरने कागदावरूनच रेषा अर्धा-एक सेंटीमीटर खोल कोरा, मग कागद काढून टाका. रेषांत बर्फाचा भुसा दाबून भरला की पांढरं रेखाटन लांबूनही स्पष्ट दिसतं.

आता चेनसॉने बाहेरचा नको असलेला भाग काढायचा, आधी समोरून, मग बाजूने. आतल्या कोपऱ्यांत काप एकमेकांना ओलांडू देऊ नका, ओलांडलेल्या कापातूनच पुढे तडा निघतो. वरून खाली काम करत या, कारण खालचं वजन शेवटपर्यंत आधार देतं. पाया रुंद आणि ओबडधोबड राहिला तरी राहू द्या, तो ट्रेमध्ये झाकला जातो. छिन्नी दोन्ही हातांनी, शरीरापासून दूर, तासत न्यायची. हातोडीने ठोकायची नाही. अर्ध्या तासाने मागे या आणि रॅम्पवरून दिसेल तेवढ्या अंतरावरून बघा. जवळून सुंदर वाटणारे निम्मे तपशील तिथून दिसतच नाहीत. ते कोरण्यात वेळ घालवू नका.

नवख्यांना चकवणारी एक गोष्ट इथे सांगते. नितळ बर्फ समोरून जवळजवळ अदृश्य असतो. तुम्ही पुढच्या बाजूला कितीही गुळगुळीत गोलाई काढा, दिव्यांच्या झगमगाटात ती हरवते. प्रकाश पकडतो तो तिरका काप आणि खरबरीत पृष्ठभाग. म्हणून पुढची बाजू मोठ्या, स्वच्छ आकारांची ठेवा आणि चुण्या, शिरा, नक्षी मागच्या बाजूने खोल व्ही कापाने कोरा. समोरून बघताना त्या रेषा बर्फाच्या आत तरंगताना दिसतात. डिझायनरचं नाव किंवा चिन्ह हवं असेल तर तेही मागून कोरा, त्यात बर्फाचा भुसा घट्ट भरा आणि वर बर्फाची पातळ पाटी जोडून बंद करा. उघडा ठेवलेला भुसा लवकर विरघळतो.

जोडकाम ऐकायला अवघड वाटतं, करायला सोपं आहे. जोडायच्या दोन्ही बाजू अगदी सपाट हव्यात. कोमट केलेली जाड अॅल्युमिनियमची प्लेट दोन्हींवर फिरवा, पाणी पुसून एकमेकांवर टेकवा आणि हलवू नका. बर्फ आतून पुरेसा गार असेल तर सांधा काही मिनिटांत धरतो. तरी शिल्प रात्रभर फ्रीझरमध्ये राहू द्या. सांध्यात हवेची फट राहिली तर शोच्या वेळी नेमकी तीच पांढरी रेघ होऊन चमकते.

साठवण आणि प्रवास

पूर्ण झालेलं शिल्प उघडं ठेवू नका. फ्रीझरच्या पंख्याच्या कोरड्या वाऱ्यात बर्फ न वितळताच उडून जातो आणि कडा बोथट होतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, वर जाड पांघरूण घाला. प्रवासात शक्यतो जाड फोमवर आडवं झोपवा, पोकळ भागांखाली उशा द्या आणि पट्टा पांघरुणावरूनच बांधा. दार, लिफ्ट, पॅसेज, वळणं यांची मापं आदल्या दिवशी स्वतः टेप लावून घ्या. सर्वांत जास्त शिल्पं शेवटच्या दारात मोडतात.

शोचा दिवस

शो आठचा धरू. शिल्प सहाच्या आत जागेवर असायला हवं, पण पांघरुणातच. पाया आधी बसवलेला असेल: भक्कम टेबल किंवा पेटी, त्यावर खोल ट्रे, ट्रेच्या मागच्या बाजूला भोक आणि त्याला नळी, नळी मागे दोन मोठ्या पिंपांत. ट्रेमध्ये लाकडी पट्ट्या किंवा रबराचे तुकडे ठेवून त्यांवर शिल्प उभं करा, म्हणजे ते स्वतःच्या पाण्यात बसत नाही. स्पिरिट लेव्हल लावून बघा. ट्रेला नळीच्या बाजूला हलका उतार हवा, शिल्प मात्र ओळंब्यात उभं हवं. त्यासाठी तळाच्या पट्ट्या खाली-वर करा.

सातच्या सुमाराला पांघरूण काढा. लगेच शिल्प पांढुरकं होईल, घाबरू नका. हवेतली वाफ त्याच्यावर गोठते आहे. पाऊण-एक तासात ते आपोआप नितळ होतं. शो उशिरा सुरू होणारच, अर्धा तास तर नक्की. म्हणून पहिली मॉडेल प्रत्यक्ष केव्हा निघणार हे बॅकस्टेज सांभाळणाऱ्याकडून दर पंधरा मिनिटांनी विचारून घ्या आणि पांघरूण त्या हिशेबाने काढा.

दिवे एलईडीच मागा. एक किलोवॅटच्या जुन्या हॅलोजनची सगळी ऊर्जा बर्फात उतरली तर ती तासाला जवळपास ११ किलो बर्फ वितळवेल. सगळी उतरत नाही, पण जवळून मारलेला झोत शिल्पाच्या गालाला खड्डा पाडायला पुरेसा असतो. मुख्य प्रकाश खालून आणि मागून द्या. एसीचा झोत थेट शिल्पावर येतो का ते हात धरून तपासा. वाऱ्याने बर्फ एका बाजूने खचतो. दमट हवेचा त्रास त्याहून मोठा, कारण एक ग्रॅम वाफ बर्फावर पाणी होऊन बसताना सात ग्रॅमहून जास्त बर्फ वितळेल एवढी उष्णता सोडते. म्हणून प्रेक्षक आत यायच्या बरंच आधी एसी सुरू असायला हवा.

धूर करायला कुणी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणलाच तर तो शिल्पाजवळ येऊ देऊ नका. तो उणे ७८ अंशांचा असतो, बर्फ तडकतो. शिवाय त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जड असल्याने खाली साचतो आणि बंद ग्रीनरूममध्ये जीव गुदमरतो.

मॉडेलच्या हातात बर्फाची पर्स किंवा फूल द्यायचं असेल तर ते फ्रीझरमधून थेट देऊ नका. खूप गार बर्फ ओल्या बोटांना चिकटतो आणि त्वचा भाजल्यासारखी सोलवटते. पृष्ठभाग ओला, नितळ झाल्यावरच द्या, हातात पातळ मोजा असू द्या आणि दोन-तीन मिनिटांत परत घ्या.

शो सुरू असताना शिल्पामागे एक माणूस फक्त पाण्यासाठी उभा ठेवा. हातात कोरडं फडकं, नजर ट्रेवर आणि नळीवर. त्याला दुसरं कुठलंही काम सांगू नका, फोटो काढायचंसुद्धा नाही.

शो संपल्यावर

लोक शिल्पाला हात लावायला, शेजारी उभं राहून फोटो काढायला धावतात. तोपर्यंत सांधे सैल झालेले असतात, म्हणून शेवटची मॉडेल आत गेली की दोरी लावा. गर्दी पांगल्यावर शिल्प उभ्याने ढकलू नका. वरून टोच्याने लहान तुकडे काढत खाली या आणि तुकडे पिंपांत भरा. बर्फात तेल, रंग, कापडाचे धागे गेलेले असतात, तो कुणाच्याही पेल्यात जाऊ देऊ नका. रॅम्पखालची फरशी स्वतः वाकून हाताने चाचपा, पाणी नेहमी फळीच्या फटीतून दिसणार नाही अशा जागी गेलेलं असतं. मग छिन्न्या पुसून कोरड्या करा, पात्यांना तेलाचा हात द्या आणि धार गेलेल्या बाजूला ठेवा.